झेरॉक्सच्या दुकानातलं वार्धक्यशास्त्र

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



दहिवडी, पाटण, विटा किंवा जत, यांतल्या कुठल्याही गावी तहसील कचेरीसमोर उभं राहिलं की झेरॉक्सची दोन-चार दुकानं दिसतात. एक यंत्र, एक संगणक, फॉर्मांचे गठ्ठे आणि दाराला टांगलेला फलक : आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, लॅमिनेशन. कचेरी उघडायच्या आधीच तिथे म्हातारी माणसं येऊन थांबलेली असतात. काही वेळानं ती आत जातात, आणि बाहेर आली की पुन्हा दुकानाच्याच पायरीवर. आत साहेब काय म्हणाले, त्याचा अर्थ बाहेर दुकानदाराकडून समजून घ्यायचा असतो.

तिथे कानावर पडणारे प्रश्न साधारण असे असतात. ‘पगार तीन महिने आला नाही, का?’ (संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचं अनुदान, गावात त्याला पगारच म्हणतात.) ‘अंगठा उठत नाही, आता काय करायचं?’ ‘हे मुंबईला वारले, दाखला तिकडं मिळतो का इकडं?’ ‘पोराचं नाव रेशनकार्डात आहे, ते कमी करायला लागंल का?’ ‘आधारवर वय कमी पडलंय, शाळेचा दाखला नाही, मग?’

ज्येष्ठांच्या समस्यांवर परिसंवाद होतात, ठराव होतात, दर १ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन साजरा होतो, शाल आणि श्रीफळही होतं. पण सातारा-सांगलीतल्या वृद्धांना आणि त्यांचं करणाऱ्या घरच्या माणसांना रोजच्या व्यवहारात नेमकी कोणती माहिती लागते, याचा सर्वांत मोठा साठा या झेरॉक्सवाल्याच्या डोक्यात आहे. त्याला ते कधी कोणी विचारलेलं नाही. आजचा विषय तेवढाच आहे : ही माहिती कोणती, आणि ती शोधून कशी काढायची.

हे दोन जिल्हे या प्रश्नासाठी मुद्दाम निवडावेत असेच आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार साताऱ्याची लोकसंख्या ३० लाखांच्या थोडी वर, सांगलीची २८ लाखांच्या वर. त्या वेळी देशात साठीपुढच्या माणसांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, महाराष्ट्रात ९.९. राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, साताऱ्यात ९८८. हा आकडा ऐकून साताऱ्यात मुलींचं फार कौतुक असावं असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. पुरुष बाहेर असतात, हे त्यामागचं एक ठळक कारण. जावळी-पाटणची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरणीत आणि गोदीत, पुढे माथाडी म्हणून बाजारपेठेत गेली. आता त्यांची मुलं कोपरखैरणे-घणसोलीत राहतात. खानापूर, आटपाडी, माण, खटाव इथली तरुण पोरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी माणूस फौजेत. गावाकडच्या घरात राहिले ते म्हातारा-म्हातारी, किंवा नुसती म्हातारी.

अशा घरात ‘करणारं माणूस’ कोण असतं? कधी सून. कधी सत्तर वर्षांची बायको, जिला स्वतःलाच गुडघ्यामुळे उठवत नाही. कधी लग्न होऊन शेजारच्या गावी गेलेली मुलगी. आणि कधी घणसोलीतून फोनवर, ‘गोळी घेतली का?’ म्हणून विचारणारा मुलगा. या प्रत्येकाला लागणारी माहिती वेगळी असते. सरकारी पत्रक मात्र एकच असतं, आणि तेही ‘लाभार्थ्या’ला उद्देशून लिहिलेलं.

मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. ‘लासी’ या नावानं ती ओळखली जाते. अहवाल २०२१ च्या जानेवारीत आला. त्यात साठीपुढच्यांना योजना आणि कायद्यांची कितपत माहिती आहे, हेही विचारलं होतं. केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना ऐकून ठाऊक होती. ज्येष्ठांना मिळणाऱ्या सवलतींची माहिती २८ टक्क्यांना होती. आणि आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा? तो जेमतेम १२ टक्क्यांना ठाऊक होता.

हे आकडे वाचून ‘जनजागृती हवी’ असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मग फलक लागतात. त्यावर मान्यवरांची छायाचित्रं मोठी आणि योजनेची अट बारीक अक्षरात. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसाठी याहून गैरसोयीची रचना शोधूनही सापडणार नाही.

आता एक उलटं उदाहरण. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारनं ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला. अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. ६५ ते ७५ वयाच्या लोकांना अर्धं तिकीट आधीपासून होतंच. ही गोष्ट म्हसवडपासून शिराळ्यापर्यंत कुणाला समजावून सांगावी लागली नाही. कारण काय? अर्ज नाही, दाखला नाही, समितीची बैठक नाही. आधारकार्ड दाखवायचं, वाहक शून्य रकमेचं तिकीट फाडतो. माहिती देणारा माणूस आणि लाभ देणारा माणूस एकच, आणि जिथे गरज तिथेच दोन्ही. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं हे तिकीट पाहिलं की दुसऱ्या दिवशी तिच्या गावातल्या चार घरांत बातमी जाते. ‘सत्तरच्या वर असतील तर थांबा, पंच्याहत्तर लागतात,’ एवढी बारीक अटसुद्धा तीच सांगते.

याउलट मुख्यमंत्री वयोश्री योजना. २०२४ मध्ये मंजूर झाली. ६५ वर्षांवरच्या, वार्षिक दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा यांसाठी एकदाच तीन हजार रुपये. योजना वाईट नाही. पण ज्या दिवशी आजोबा न्हाणीघरात घसरतात, त्या दिवशी घरच्यांचा प्रश्न ‘कोणती योजना?’ असा नसतो. कमोड खुर्ची मिळते कुठे, केवढ्याला, आमच्या मोरीच्या दारातून आत जाईल का, आणि वापरलेली चालेल का, असे प्रश्न असतात. योजनेचं पत्रक यातल्या एकाचंही उत्तर देत नाही. बाजारातलं सर्जिकल साहित्याचं दुकान देतं, आणि तेही आपल्या सोयीनं.

माहितीची गरज प्रसंगानं निर्माण होते. पडणं, दवाखान्यातून घरी पाठवणं, जोडीदाराचं जाणं, पगार थांबणं, वाटणीवरून भांडण. या प्रसंगांच्या आधी दिलेली माहिती विसरली जाते आणि नंतर दिलेली उपयोगाची नसते. म्हणून ‘तुम्हाला कोणती माहिती हवी आहे?’ हा प्रश्नावलीतला प्रश्नच मुळात निरुपयोगी आहे. ज्याला माहीत नाही, त्याला काय माहीत नाही हे तो सांगणार कसा? ‘गेल्या वर्षभरात कुठं अडलं होतं?’ असं विचारलं की माणूस बोलू लागतो.

पगाराचंच घ्या. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षं पूर्ण हवीत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं, म्हणजे दिवसाला साधारण ५८ रुपये. मिळणारं अनुदान महिन्याला १,५०० रुपये. वर्षाचे १८ हजार होतात. म्हणजे ज्याचं पोट या अनुदानावरच चालतं, तोसुद्धा अटीच्या रेषेपासून फार लांब नसतो. ही रक्कम आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. इथे एक बारीक मेख आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. एखाद्या आजीची दोन खाती आहेत : एक जुनं जिल्हा बँकेतलं, पगार यायचं ते, दुसरं कुणीतरी शिबिरात काढून दिलेलं. आधारवर पाठवलेले पैसे पासबुक बघून जात नाहीत. आधारशी जी बँक शेवटी जोडली गेली, तिच्याकडे जातात. आजी जुन्या बँकेत महिनोन्‌महिने पासबुक भरून घेत राहते, ‘जमा नाही’ ऐकून परत येते, आणि पैसे दुसऱ्याच खात्यात पडून असतात. तिला लागणारी माहिती एका वाक्याची आहे : आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते आधी बघा. हे वाक्य ना बँकेच्या भिंतीवर असतं ना कचेरीच्या. झेरॉक्सवाल्याला ते पाठ असतं.

अंगठ्याचंही तसंच. सांगलीच्या बाजारात हळद हाताळण्यात, तासगावकडे बेदाणा निवडण्यात, उसाच्या फडात आणि बांधकामावर ज्यांचे हात झिजले त्यांच्या बोटांवरच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत. डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. पण काउंटरवरचा माणूस ‘अंगठा उठत नाही’ म्हणतो आणि पुढच्याला हाक मारतो.

हयातीच्या दाखल्याचा घोळ आणखी वेगळा. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांसाठी ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. पोस्टमन घरी येऊनही तो दाखला करून देतो. फौजेतल्या निवृत्तांसाठी ‘स्पर्श’ आहे. निराधार अनुदानाची हयात पडताळणी मात्र वेगळी. एकाच घरात सासरे माजी सैनिक आणि चुलत सासू निराधार योजनेत असतील, तर सुनेला हे दोन वेगळे रस्ते वेगळे ठेवावे लागतात. दोन्हीकडे शब्द एकच : हयातीचा दाखला.

प्रत्येक म्हाताऱ्या माणसाजवळ कागदांची एक पिशवी असते. साडीच्या दुकानाची किंवा खताच्या कंपनीची, बंद फाटलेले, वर गाठ मारलेली. ती उघडली तर आत आधारकार्डाच्या सहा झेरॉक्स, त्यातल्या दोन जुन्या पत्त्याच्या. लॅमिनेट केलेलं रेशनकार्ड. बँकेची तीन पासबुकं, त्यातलं एक संपलेलं. कुठल्या तरी पतसंस्थेची ठेवपावती. मुदत कधीच उलटून गेलेली. रक्ततपासणीचे अहवाल, ज्यांवरची शाई उडालीय. आणि गोळ्यांच्या कापलेल्या पट्ट्या. औषध दुकानदार दहाच्या पट्टीतून सहा गोळ्या कापून देतो. नाव एका तुकड्यावर राहतं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. उरलेल्या चार गोळ्या रक्तदाबाच्या की साखरेच्या, हे आजी रंगावरून सांगते. कंपनी बदलली की रंग बदलतो.

या पिशवीत काय नसतं, तेही पाहावं. मोठ्या दवाखान्यातून घरी सोडताना मिळालेलं डिस्चार्ज कार्ड बहुधा मुलाकडे मुंबईला असतं. ठेवीवर नॉमिनी कोण, ते लिहिलेलं नसतं. आणि तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा, तो नंबर कुठेच नसतो, कारण तो ज्याच्या डोक्यात आहे तोच पडलेला असतो.

माहितीच्या गरजेचा शोध नीट घेतला गेला, असं एक उदाहरण आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. डॉ. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी तिथे वृद्ध माणसं आणि आरोग्य कर्मचारी यांच्याशी गटागटानं बोलून केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं वर्णन त्यांनी लोकांपुढे ठेवलं. लोकांनी ते लगेच ओळखलं, ‘असं आमच्याकडे होतं’ म्हणाले. पण तो आजार आहे, असं कुणी मानलं नाही. म्हातारपण म्हणजे असंच, किंवा मुलांनी हेळसांड केली म्हणून असं झालं, असा समज. मुलं सांभाळतात ती पुष्कळदा वारशाच्या अपेक्षेनं, हेही तिथे उघड बोललं गेलं. प्रश्नावलीत रकाने भरून हे कधीच हाती आलं नसतं.

हा समज कळल्यावर पुढची पायरी बदलली. रुग्णाला गोळी देऊन भागणार नव्हतं. ज्या सुनेला गाव ‘हिनंच हाल केले’ म्हणतं, तिला आधी सांगायला हवं होतं की हा आजार आहे, तुझा दोष नाही. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवलं. आजार काय आहे, तोच तोच प्रश्न शंभरदा विचारला तर काय करायचं, रात्री उठून बाहेर निघाले तर काय, जेवण-अंघोळ कशी, घरातली इतर माणसं काय वाटून घेतील. ८१ कुटुंबांवर केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. ज्यांच्या घरी ही मदत पोचली, तिथल्या शुश्रूषा करणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. लासीशीच जोडलेल्या एका अभ्यासानुसार देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. कृष्णाकाठी तो नाही, असं मानायला काही कारण नाही. इथे त्याला ‘म्हातारचळ’ म्हणतात आणि विषय संपतो.

तोच धागा मिरजेपर्यंत आणता येतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. महाराष्ट्राइतकेच कर्नाटकातले रुग्ण इथे येतात. जतच्या पूर्व भागातल्या गावांत तर घरातली भाषाच कन्नड. आता उमदी किंवा संखची आजी अर्धांगवायूचा झटका येऊन मिरजेला दाखल होते आणि आठ-दहा दिवसांनी घरी जाते. हातात इंग्रजी डिस्चार्ज कार्ड : बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस. समजावून सांगणारी परिचारिका मराठी बोलते. ऐकणारी सून कन्नड बोलते. आणि ती ज्या कामासाठी घरी निघाली आहे, ते रुग्णालयात तीन पाळ्यांतली माणसं मिळून करत होती.

त्या दिवशी सुनेला काय कळायला हवं? दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठ-कंबर-टाच लाल दिसली तर तिथे चोळायचं नाही, तिथला भार काढायचा. भरवताना आडवं ठेवायचं नाही, पाठीला टेकू देऊन बसवायचं आणि नंतरही थोडा वेळ तसंच ठेवायचं; नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. लघवीची नळी असेल तर पिशवी कमरेच्या खाली. आणि काल नीट बोलणारी आजी आज अचानक बरळू लागली, तर ‘वय झालं’ किंवा ‘बाहेरचं काही’ म्हणून बसायचं नाही. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, औषधाचा दोष यांपैकी काहीही असू शकतं, डॉक्टरला दाखवायचं. हे सगळं पंधरा मिनिटांत करून दाखवता येतं. दाखवणारं माणूस आणि ती पंधरा मिनिटं, दोन्ही मिळत नाहीत.

खर्चाचंही असंच. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहेच. लोकांना ‘कार्ड काढा’ एवढंच सांगितलं जातं. कार्ड दवाखान्यात दाखल झाल्यावर चालतं. महिन्याच्या गोळ्या, डायपर, फिजिओथेरपी, रात्रीची आया, दर आठवड्याची गाडी यांना ते चालत नाही, हे सांगितलं जात नाही. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात मोफत धावते, पण ती आणीबाणीत न्यायला. घरी सोडायला नव्हे. घरातल्या वृद्धावर मध्यमवर्गीय कुटुंबाचा खरा पैसा जातो तो याच न सांगितलेल्या बाजूला.

आणि करणाऱ्या माणसाचं काय? इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानं शुश्रूषा करणाऱ्याला स्वतःच्या गरजांची पाहणी मागण्याचा हक्क दिला. म्हणजे ‘रुग्णाचं काय?’ याच्या जोडीनं ‘तुमचं काय?’ हे विचारणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक. इतकं लांब जायला नको असेल तर केरळ आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक उपचारांच्या कामातून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, आणि २००८ मध्ये तिथल्या सरकारनं त्यासाठी धोरणच केलं. आपल्याकडे आशाताई घरोघरी जातातच. त्यांच्या रजिस्टरात गरोदर बाई आहे, बाळ आहे, क्षयरोगी आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं करणारी सून कुठल्या रकान्यात आहे?

आता जमिनीचा विषय. तो टाळून या भागात म्हातारपणावर बोलणं म्हणजे पावसाळ्यात पुराचं नाव न काढणं.

सातबारावर नाव कुणाचं, बक्षीसपत्र करावं का मृत्युपत्र, हे प्रश्न म्हातारी माणसं सर्वांत उशिरा विचारतात, आणि घरातल्यांसमोर कधीच विचारत नाहीत. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि हयातीत कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा झालं की मालकी गेली. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. ही तीन वाक्यं वेळेवर कळली असती तर किती घरं दारावरच्या कुलपापर्यंत गेली नसती! २००७ च्या कायद्याचं कलम २३ इथे कामाचं आहे : सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयानं हा कायदा वृद्धांच्या हिताच्या अंगानं उदारपणे वाचायला सांगितलं आणि एका आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. द्यायचंच असेल तर ‘सांभाळण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात लिहून घ्या. निर्वाहाचा अर्ज प्रांत कचेरीत करायचा असतो, वकील लागत नाही, महिन्याला दहा हजारांपर्यंत रक्कम ठरवता येते. लासीतल्या त्या १२ टक्क्यांतल्या किती जणांना प्रांत कचेरीचा दरवाजा ठाऊक असेल, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

वृद्धांना नवी माहिती समजत नाही, हा एक लाडका समज आहे. सांगलीकरांनी तरी तो बाळगू नये. १९२९ साली झालेल्या, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी इथल्या ऐंशी वर्षांच्या बाईलाही कळते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. कोणत्या फुटाला आपल्या गल्लीत पाणी शिरतं तेही तिला ठाऊक असतं. एक आकडा, त्याचा अर्थ आणि त्यावर करायची कृती, असं तिन्ही एकत्र मिळालं की वय आड येत नाही. पण या माहितीलाही एक मर्यादा होती. २००५ च्या महापुराची खूण अनेक घरांच्या भिंतीवर होती आणि ‘त्याच्या वर पाणी येत नाही’ असा थोरांचा भरवसा होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. भरवशावर थांबलेल्या घरांतून वृद्धांना बोटीतून काढावं लागलं, तेव्हा प्रश्न नवेच निघाले : इन्सुलिन थंड कुठं ठेवायचं, कवळी आणि चष्मा घेतला का, पिशवी घेतली का.

मग शोध घ्यायचा कसा? समिती नेमून घेऊ नये, एवढं नक्की. ज्येष्ठ नागरिक संघांचं काम मोलाचं आहे, पण बहुतेक संघांत निवृत्त शिक्षक, बँकवाले आणि अधिकारी असतात, आणि त्यात पुरुष अधिक. बेदाण्याच्या शेडवर जन्म गेलेली बाई तिथे येत नाही. तिचा प्रश्न शोधायला तिच्या वाटेवर थांबावं लागतं : तहसीलची संजय गांधी शाखा, औषधाचं दुकान, जिल्हा बँकेची गावातली शाखा, सिव्हिलचा आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, एसटी स्टँड. तिथे येणारा प्रश्न जसा विचारला तसा, विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचा. नाव-गाव नको, तारीख, वय, बाई की बुवा, स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी, आणि उत्तर मिळालं की नाही.

विचारताना काही पथ्यं मात्र पाळावी लागतील. सासू आणि सून यांना एकत्र बसवून विचारू नये. दोघींचीही उत्तरं खोटी येतात. लघवी-संडासचे प्रश्न माणसं चारचौघांत काढत नाहीत, ते बाईनं बाईला आतल्या खोलीत विचारावेत. मुंबईच्या मुलालाही फोन करून विचारावं, कारण पैशाचे आणि दवाखान्याचे निर्णय त्याचे असतात आणि अपुरी माहितीही त्याच्याकडेच असते. जत भागात विचारणारं माणूस कन्नड बोलणारं हवं. आणि फसवणुकीबद्दल आवर्जून विचारावं. ‘केवायसी संपली’ म्हणून आलेल्या फोनला बळी पडलेला निवृत्त माणूस लाजेनं गप्प बसतो. १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर त्याला वेळेत कळला तरच पैसे अडवता येण्याची आशा असते.

उत्तरं पोचवायच्या वाटाही इथेच आहेत. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव २०२२ पासून बातम्यांत आलं ते संध्याकाळी सातच्या भोंग्यामुळे. भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांचा अभ्यास. ज्या गावाला असा भोंगा जमतो, त्याला आठवड्यातून एकदा देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून पाच मिनिटं ‘या आठवड्यात विचारलेले तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं’ वाचायला काय अडचण आहे?

देशपातळीवरची ‘एल्डरलाइन’ २०२१ पासून आहे : १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ, मोफत. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००. हे दोन्ही आणि आधी सांगितलेला १९३० घरी गेल्यावर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारच्या भिंतीवर डकवावेत. त्याखाली घरच्यांचे दोन नंबर लिहावेत.

आणि एक विनंती, इथे बसलेल्या ग्रंथालयांच्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या आणि महाविद्यालयांच्या कार्यकर्त्यांना. येत्या महिन्यापासून आपापल्या तालुक्याच्या कचेरीसमोरच्या एका झेरॉक्स दुकानात दोनशे पानी वही ठेवा. राष्ट्रीय सेवा योजनेची दोन मुलं-मुली सोमवार ते शुक्रवार आळीपाळीनं तिथे बसू द्या. महिनाअखेरीस सर्वाधिक विचारलेले दहा प्रश्न काढा, त्यांची उत्तरं तहसीलदार आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडून लेखी घ्या आणि ती त्याच दुकानाच्या दारावर, ठळक अक्षरात लावा. वहीचा, पेनाचा आणि मुलांच्या चहाचा खर्च कुठलीही व्याख्यानमाला एका हार-तुऱ्याच्या पैशात भागवू शकते.